नियम २१ आणि घरच्या गाडीची बॅटरी

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीत नियम २१ असा एक नियम आहे. साधारण शहाणपणाचा माणूस स्वतःचे पैसे खर्च करताना जेवढी दक्षता घेतो, तेवढीच प्रत्येक अधिकाऱ्याने सार्वजनिक पैसा खर्च करताना घ्यावी, असा त्याचा आशय आहे. २००५ च्या नियमावलीत तो याच क्रमांकावर होता आणि २०१७ च्या सुधारित नियमावलीतही तिथेच आहे. माझ्या नोकरीत मी हा नियम टिप्पण्यांमध्ये असंख्य वेळा उद्धृत केला असेल. पण त्याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला तो वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, जयपूरमधल्या एका बॅटरीच्या दुकानात, स्टुलावर बसून. तीच हकिगत आज सांगायची आहे.

माझ्या यजमानांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. रात्री सीपॅप नावाचे यंत्र लावूनच त्यांना झोपावे लागते. ते यंत्र मध्यरात्री बंद पडले तर काय होते, हे मी एकदा अनुभवले आहे आणि पुन्हा अनुभवण्याची इच्छा नाही. दुसरीकडे, भटकंतीची हौस दोघांनाही. गेली पंचवीस वर्षे बदल्यांच्या निमित्ताने देश पाहिला, पण तो विश्रामगृहांच्या खिडकीतून. म्हणून २०२३ साली आम्ही राहण्याची सोय असलेली एक गाडी, म्हणजे कॅरव्हॅन, रीतसर बांधून घ्यायचे ठरवले. झोपण्याची जागा, छोटा फ्रिज, ओटा, पंखे हे सर्व कारागिराने नीट बसवले. प्रश्न उरला तो बॅटरीचा.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे विवेचन करते. अशा गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. तिच्या शिशाच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. दुसरी घरातल्या उपकरणांसाठी. तिने तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह द्यायचा असतो आणि बरीच रिकामी होऊन पुन्हा भरायचे असते. पहिलीला दुसरीचे काम दिले तर ती काही महिन्यांत निकामी होते. धावपटूला हमाली करायला लावण्यासारखेच ते आहे.

मी दुकानात गेले ती सरकारी खाक्यानेच. "दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी केवढ्याला?" असे विचारले. दुकानदार वयस्कर मारवाडी गृहस्थ होते. भाव सांगण्याआधी त्यांनीच मला चार प्रश्न विचारले. रोज किती वीज काढणार? ती किती तासांत काढणार? बॅटरी गाडीत कुठे ठेवणार? आणि वर्षातून किती दिवस वापरणार? एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. "घरी जाऊन हिशेब करून या, मॅडम," ते म्हणाले.

घरी वही काढली. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ४५ वॉट घेतो. उन्हाळ्यात तो दिवसाचे निम्मे तास चालेल असे धरले, म्हणजे ५४० वॉट-तास. दोन पंख्यांचे ३००. दिव्यांचे १००. सीपॅप यंत्राचे, आर्द्रता देणारा भाग बंद ठेवून, रात्रीचे ३००. पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप यांचे १५०. एकूण १३९०, म्हणजे ढोबळमानाने दिवसाला १४०० वॉट-तास. गाडी उभी आहे आणि आभाळ ढगाळ आहे अशा दोन दिवसांचे २८००. वाटेतली गळती धरून ३१००.

आता ३१०० वॉट-तास मिळावेत म्हणून किती साठवायचे? शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून गरजेच्या दुप्पट, म्हणजे ६२०० वॉट-तास हवेत. १२ व्होल्टच्या हिशेबाने ते ५१७ अँपिअर-अवर होतात. म्हणजे दीडशेच्या चार बॅटऱ्या. आम्ल भरलेली अशी एक बॅटरी साधारण ५५ किलोची असते. चार बॅटऱ्यांचे सव्वादोनशे किलो! याउलट लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८५ टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. तिथे ३०० अँपिअर-अवर पुरतात आणि वजन पस्तीस किलोच्या आसपास भरते. आम्हांला मिळालेल्या दरपत्रकांनुसार चार शिशाच्या बॅटऱ्या साठ हजार रुपयांना पडत होत्या आणि लिथियमची एक लाख दहा हजारांना.

इथे माझे अर्थशास्त्र जागे झाले. किंमत पाहायची ती बॅटरीची नव्हे, तिच्यातून आयुष्यभरात निघणाऱ्या विजेची. शिशाच्या संचातून दर वेळी ३.६ युनिट निघणार, आणि चांगली निगा राखली तर हजार वेळा. म्हणजे युनिटला सुमारे १७ रुपये. लिथियममधून दर वेळी ३.२६ युनिट, तीन हजार वेळा. म्हणजे सुमारे ११ रुपये. निकाल लागला असे वाटले. पण मग दुकानदारांचा चौथा प्रश्न आठवला. आम्ही वर्षाला फार तर चाळीस रात्री बाहेर राहणार. तीन हजार वेळा रिकामी करायला आम्हांला पंचाहत्तर वर्षे लागतील! बॅटरी तोवर टिकणार नाही, आणि आम्हीही नाही. म्हणजे आमच्यापुरता हा सगळा हिशेब फोल होता.

तरीही आम्ही लिथियमच घेतली, पण त्याची कारणे वेगळी होती. शिशाची बॅटरी अर्धवट रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि आमची गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार होती. शिवाय भरताना शिशाच्या उघड्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ज्या खोलीत आपण झोपतो तिथे तो नको. आणि दोनशे किलोंचा बोजा वाचला तो वेगळाच. लिथियमचे दोषही दुकानदारांनी लपवले नाहीत. तापमान शून्य अंशाखाली असताना ती भरायची नाही, नाहीतर आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. म्हणजे हिवाळ्यात स्पितीकडे जायचे तर ती उबदार भागातच ठेवायला हवी. आणि ती इंजिनच्या अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये प्रवाह आवरणारा वेगळा चार्जर बसवावा लागतो.

या रसायनाचा जन्म टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झाला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ शोधनिबंधाच्या लेखकांत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. निवृत्तीकडे झुकलेल्या माझ्यासारखीला हा आकडा मोठा दिलासा देतो.

असो. दरपत्रकांचा निर्णय झाला त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ते चार प्रश्न मला कोणीतरी नऊ वर्षांपूर्वी विचारायला हवे होते.

२०१४ साली मी पश्चिम राजस्थानातील एका केंद्रीय कार्यालयात होते. दुर्गम ढाण्यांसाठी, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्त्यांसाठी, फिरते दवाखाने घ्यायचे होते. खरेदी समितीची अध्यक्ष मी होते. गाडीत औषधांचा फ्रिज, रक्ततपासणीचे यंत्र, दिवे, पंखे असणार होते. त्यांना वीज देणाऱ्या बॅटरीविषयी आमच्या निविदेत एकच ओळ होती: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, नामांकित कंपनीची, चार नग. न्यूनतम दर देणाऱ्याला काम मिळाले. फाइल अगदी स्वच्छ होती.

ती एक ओळ किती पोकळ होती, ते आता सांगते. दीडशे अँपिअर-अवर म्हणजे किती तासांत? आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांच्या मंद वापराचा असतो. तीच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास मिळतात. जलद वापरात क्षमता घटते, हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवला आहे. आमच्या गाडीचा रोजचा वापर ४८०० वॉट-तासांच्या घरात होता. कागदावर ७२०० होते, प्रत्यक्षात मिळत होते सहा हजारांच्या आसपास. म्हणजे बॅटऱ्या रोज ऐंशी टक्के रिकाम्या होत होत्या. त्यात त्यांची पेटी बसवली होती सायलेन्सरच्या नळीशेजारी. शिशाच्या बॅटरीचे तापमान पंचवीस अंशांपेक्षा दर आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. आणि हे सारे चालले होते थरच्या वाळवंटात, मे-जून महिन्यांत.

चौदाव्या महिन्यात बॅटऱ्यांनी मान टाकली. हमी बारा महिन्यांची होती. दोन ते आठ अंशांत ठेवायचे इन्सुलिन आणि धनुर्वाताची लस रात्रीतून तापून गेली, सगळा साठा टाकून द्यावा लागला. नव्या बॅटऱ्यांची मंजुरी येईपर्यंत चार महिने गाडी औषधांच्या फ्रिजशिवाय फिरली. त्या काळात किती मधुमेही रुग्ण चाळीस-पन्नास किलोमीटर उंटगाडीने किंवा जीपने शहरात गेले आणि किती गेलेच नाहीत, याची नोंद कोणत्याही फाइलीत नाही. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. पाहणीसाठी मी एकदा गेले, तेव्हा गाडीवरच्या परिचारिका बाई रिकामा फ्रिज उघडून दाखवत एवढेच म्हणाल्या, "मॅडम, अपने घर के लिए होती तो ऐसी लेते क्या?"

मला तो उद्धटपणा वाटला होता. मी काही बोलले नाही, पण मनात राग धरला. आज कळते की त्यांनी नियमावली न वाचता मला नियम २१ वाचून दाखवला होता.

कोणी म्हणेल, त्या काळी लिथियम परवडण्याजोगी नव्हती. खरे आहे. पण लिथियम घ्यायलाच हवी होती असे मी म्हणत नाही. दहा तासांच्या मापाने क्षमता मागणे, रोजच्या वापराच्या दुप्पट साठा ठेवणे, पेटी सायलेन्सरपासून दूर हलवणे आणि डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार हे लिहून ठेवणे, एवढे २०१४ सालीही शक्य होते. खर्च थोडा वाढला असता. न्यूनतम दराचा नियम याच्या आड येत नव्हता. न्यूनतम दर कशाचा, हे ठरवण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते. वस्तूचे वर्णन कार्यात्मक आणि मोजता येण्याजोगे असावे, असे नियमच सांगतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने हे विसरावे याची लाज अधिक वाटते. जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा, जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा निबंध आम्ही एम.ए.ला अभ्यासला होता. ग्राहकाला मालाचा दर्जा ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो, हे त्याचे सार. बंद डब्यातली बॅटरी म्हणजे याचे उत्तम उदाहरण. खरेदीदाराने दर्जा मोजायची पट्टीच दिली नाही, तर न्यूनतम दराची स्पर्धा ही डब्यातले शिसे कमी करण्याची स्पर्धा ठरते. त्यात विक्रेत्याइतकाच दोष निविदा लिहिणाऱ्याचा असतो.

२०२४ मध्ये, दुसऱ्या कार्यालयात, माझ्यासमोर फिरत्या गाड्यांचा प्रस्ताव पुन्हा आला. मसुद्यात तीच जुनी ओळ होती. कोणीतरी इमानाने उतरवून घेतलेली. मी ती खोडली. ४५ अंश तापमानात रोज अमुक इतके वॉट-तास, आठ तासांत, वर्षाचे तीनशे दिवस. दोन वर्षांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के क्षमता चाचणीत दिसली पाहिजे, नाहीतर बॅटरी बदलून द्यायची. रसायन कोणतेही चालेल. वित्त शाखेने विचारले, अंदाजित खर्च वाढला कसा? मी युनिटमागे खर्चाचा तक्ता जोडला. रोज वापरल्या जाणाऱ्या गाडीला तो हिशेब तंतोतंत लागू पडतो, आमच्या घरच्या गाडीला पडला नव्हता तरी. फाइल दोनदा परत आली, तिसऱ्यांदा मंजूर झाली.

माझे अनेक वाचक महाराष्ट्राबाहेर, निरनिराळ्या राज्यांत, खरेदी समित्यांवर बसतात. त्यांना एकच सुचवते. पुढची टिप्पणी लिहिण्यापूर्वी ती वस्तू स्वतःच्या घरासाठी घ्यायची आहे असे समजून एकदा दुकानात जाऊन बसा, आणि दुकानदार जे विचारील ते निविदेत लिहा. त्या परिचारिका बाईंना मात्र मी अजून उत्तर दिलेले नाही. त्यांची बदली कुठे झाली, याची चौकशी सुरू केली आहे.