कान्ह्याची डीपी आणि इतर टिपणं

पावसाळ्यात कान्हे गावात विजेचा लपंडाव सुरू झाला की समोरची घरं पाहावीत. दोन घरांतले दिवे एकदम मंद होतात, एकदम उजळतात. त्यांच्यात थेट तार नसते, दोन्ही एकाच डीपीवर, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीवर असतात. मेंदूतली 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी' याच जातीची. एफएमआरआय या मेंदूच्या तपासणीत रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार दिसतो. ज्या दोन भागांचा तो जुळतो, ते जोडलेले मानायचे. मधली तार त्यात दिसत नाही.

१९९५, भरत बिस्वाल, अमेरिका. माणूस नुसता पडून असतानाही दोन्ही हातांच्या हालचालीचे मेंदूतले भाग एका लयीत चालतात.

एमिली फिन आणि सहकारी, २०१५. माणसं १२६, प्रत्येकाच्या मेंदूचे भाग २६८, म्हणजे जोड्या ३५,७७८. या जोड्यांचा एका दिवसाचा नकाशा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यातून तोच माणूस हुडकायचा. दोन्ही दिवस स्वस्थ पडून असेल तर ९० टक्क्यांहून जास्त वेळा सापडतो. यंत्रात काही काम दिलं की प्रमाण घसरतं, कुठे कुठे ५४ टक्क्यांपर्यंत. बघण्याचे, हातपाय हलवण्याचे भाग बरेचसे सगळ्यांचे सारखे. वेगळेपण जास्त करून कपाळामागच्या आणि टाळूखालच्या जाळ्यात. माणूस ओळखू आला, एवढं खरं. तो कसा आहे, हे त्यातून निघत नाही.

डोकं हलणं. मिलिमीटरभर हललं तरी जवळच्या भागांचं नातं उगाच घट्ट दिसतं, लांबच्यांचं सैल. लहान मुलं जास्त हलतात. वयाबरोबर लांबचे धागे घट्ट होतात, या गाजलेल्या निष्कर्षाचा काही भाग असा चुळबुळीतून आलेला, हे २०१२च्या सुमारास उघड झालं. आणि तेही तो निष्कर्ष मांडणाऱ्यांपैकीच काहींनी दाखवलं! याला म्हणतात शास्त्र.

रसेल पोल्ड्रॅक या मेंदूशास्त्रज्ञाने दीड वर्ष स्वतःचाच मेंदू तपासला. मंगळवारी उपाशीपोटी, गुरुवारी नाश्ता-कॉफी घेऊन. दोन वारांचे नकाशे वेगळे निघाले. (आपल्या मंगळवारच्या उपासाला चहा चालतो; त्याला कॉफीही नाही.)

मोजक्या माणसांना असं बारकाईने तपासणं आमच्या जवळही झालं आहे. कान्ह्याहून लोकलने कामशेत, मळवली, मग लोणावळा. तिथं १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. नौलीच्या, म्हणजे पोट घुसळण्याच्या योगक्रियेच्या वेळी पोटात काय होतं हे ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासत. साधक मोजकेच, पण मुरलेले. एकाच माणसाला नीट मोजण्याची ही रीत मला आवडते. 'मिडनाइट स्कॅन क्लब' या मेंदू-संशोधकांच्या गटानेही २०१७ मध्ये तेच केलं: दहाच जण, पण प्रत्येकाची विश्रांतीतली नोंद पाच तासांची. मध्यरात्री यंत्र स्वस्त पडतं, म्हणून ते नाव.

उलट, मेंदूच्या जोडण्यांवरून बुद्धी किंवा स्वभाव सांगायचा तर दहा-वीस माणसांनी भागत नाही. २०२२चा मोठा अभ्यास म्हणतो, हजारो लागतात. संबंध असतो, पण फार क्षीण.

तेव्हा दहावीच्या पोराचा मेंदू बघून शाखा सुचवतो म्हणणारा कुणी भेटलाच, तर पैसे काढण्याआधी विचारावं: यंत्रात किती मिनिटं ठेवणार, डोकं किती हललं हे दाखवणार का, आणि ताडून कुणाशी पाहणार?