पाय ऊन झाले

विंचवाने कोणी मरत नसते, असे आमच्या पोंभुर्ण्यात एके काळी सर्रास म्हटले जाई. मीही म्हटले होते. साल १९६१. जिल्ह्याचे नाव तेव्हा चांदा होते आणि मी अकरा वर्षांचा होतो.

दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते. शेजारच्या गावी मंडई भरली होती आणि रात्री दंडार होती. माझी चप्पल तणसाच्या ढिगामागे राहिली होती. ती आणायला मी धाकट्या भावाला पिटाळले. सहा वर्षांचे पोर धावत गेले आणि बोट धरून रडत आले. लाल विंचू होता.

"गप रे! विंचवानं कोणी मरतं का?" मी म्हणालो, आणि दंडारीला निघून गेलो.

पहाटे परतलो तेव्हा अंगणात माणसे जमलेली. भाऊ घामाने निथळत होता, धाप लागली होती, ओठांवर फेस होता. आई त्याचे तळवे चोळत होती. "पाय बघ रे, कसे थंडगार पडले," एवढेच ती म्हणत होती. विंचू उतरवणारा म्हातारा मात्र निश्चिंत होता. कारण पोराच्या बोटाची कळ थांबली होती! उजाडायच्या आत भाऊ गेला.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पण त्या रात्रीचा उलगडा मला फार उशिरा झाला, आणि तो केला कोकणातल्या एका डॉक्टरांच्या कामाने. डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ च्या सुमारास ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले आणि विंचूदंशाचे रोगी उशाशी बसून पाहू लागले. त्यांना दिसले ते असे : जो कळांनी गडाबडा लोळतो, तो बहुधा वाचतो. ज्याची कळ कमी, पण घाम दरदरून सुटतो आणि हातपाय गार पडतात, त्याची धडगत नाही. वाचकहो, आमच्या म्हाताऱ्याच्या मंत्राचे यश मला इथे कळले. जे आपोआप बरे होणार होते, तेच त्याच्या मंत्राने बरे होत!

हे घडते कसे? लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना असे चेतवते की अंगात अॅड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर लोटतो. ही द्रव्ये पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटतात. कुलपात किल्ली बसावी तशी. हे ग्राही एका जातीचे नाहीत, त्यांत अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग आहेत, हे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. पुढे अल्फातही एक आणि दोन असे पोटभेद निघाले. अल्फा-एक उघडला की रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून पाय गार. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून फेस.

मग सगळेच अल्फा बंद करावेत? नाही, खरी मेख इथेच आहे. अल्फा-दोन हा मज्जातंतूच्या टोकाशी लगामासारखा असतो. तोही अडवला तर घोडे आणखीच उधळते. हवी होती फक्त अल्फा-एकच्या कुलपात बसून राहणारी, पण ते न उघडणारी किल्ली. फायझर कंपनीच्या रसायनज्ञांनी घडवलेले प्राझोसिन हे तसे निघाले. गंमत अशी की, ते बनले रक्तदाबासाठी, आणि आरंभी ते रक्तवाहिन्या थेट सैल करते असाच समज होता. त्याची ही निवड मागाहून उमगली. बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी चौथा हिस्सा तरी दगावत असे. आता वेळीच गोळी मिळाली तर क्वचितच कोणी दगावतो. २०११ साली महाडच्याच अभ्यासात दिसले की, जोडीला प्रतिविष दिले तर रोगी आणखी लवकर सावरतो.

हे सारे मी वाचून जाणत होतो. २०१९ च्या दिवाळीत ते मला अंगणात भेटले. चार वर्षांची नात पणती ठेवायला गेली आणि कवेलूंच्या ढिगाजवळ किंचाळली. थोड्या वेळाने ती शांत झाली. घरातले म्हणाले, "उतरला वाटतं." मी तिचा तळवा हातात घेतला. गार होता! कोणाशी न बोलता मी तिला उचलले आणि मोटारीत घातले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वजन विचारले. चौदा किलो. किलोला तीस मायक्रोग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धाही भाग नव्हे. पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून तिला निजवूनच ठेवले. दर तीन तासांनी पुन्हा मात्रा. "कधीपर्यंत?" मी विचारले.

"पाय ऊन होईपर्यंत, आजोबा."

मी रात्रभर तिचे पाय हातात धरून बसलो. पहाटे, त्याच वेळेला, ते ऊन झाले. मी आईला सांगावे म्हणून मान वर केली; आणि मग आठवले की सांगायला आई आता नाही.