मर्यादवेलीच्या अलीकडे

समुद्रकाठी तंबू ठोकून राहण्याची हौस मुळात समुद्रकाठच्या माणसाची नव्हे. गुहागरची वस्ती पाहावी म्हणजे हे ध्यानात येते. गाव एका लांबलचक रस्त्याच्या दोहों बाजूंस वसलेले. घरांची तोंडे रस्त्याकडे, आणि पश्चिमेकडील घरांच्या पाठीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट वाळूपर्यंत गेलेल्या. समुद्राला साऱ्या गावाने पाठ दिली आहे. तो परसातला, त्याच्याकडे देखावा म्हणून पाहण्याची चैन घाटावरच्या पाहुण्यांनी करावी. आज तेच पाहुणे त्या पाच-सहा किलोमीटरांच्या पुळणीवर हौसेने येऊन निजतात, आणि आता आम्हीही त्यांच्यात जमा झालो आहो.

यास कारण आमच्या मातोश्री. १९८६ साली वडील गेले आणि १९८७ साली आमचे गुहागरचे घर वाडीसह विकावे लागले. त्यानंतर आईने त्या गावी पाऊल ठेवले नाही. व्याडेश्वराला आम्ही जाऊन येत असू; ती पुण्यातूनच हात जोडी. २०२३ च्या मार्गशीर्षात, ऐंशी वर्षांची झाल्यावर, ती आपण होऊन म्हणाली, ‘मला एकदा नेऊन आणा.’ मात्र जेथे बावीस वर्षे नांदलो तेथे भाड्याच्या खोलीत निजावयाचे नाही, अशी अट घातली. वाडीच्या हल्लीच्या मालकांनी मोठ्या अगत्याने घरीच उतरावयास सांगितले, तेही तिला रुचेना. तेव्हा आमच्या कन्येने तंबूची गोष्ट काढली. आम्हांस वाटले, आई हसेल. ती म्हणाली, ‘चालेल. पुळण काही आपण विकली नव्हती.’

मालकांच्या अनुज्ञेने वाडीच्या कडेला, सुरूच्या झाडांपलीकडे, आम्ही तंबू उभारू लागलो. तंबूच्या खुंट्या मातीसाठी केलेल्या असतात. वाळू त्यांना धरीत नाही. चिरंजीवांनी ठोकलेली प्रत्येक खुंटी वाऱ्याच्या पहिल्या हिसक्यासरशी वर येई. अखेर कापडी पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि पिशव्या हातभर खोल पुरल्या. मग तंबू हलला नाही.

भरती कोठवर येईल, याचा शोध चिरंजीव मोबाइलवर घेत होते. आईने विचारले, ‘आज तिथी कोणती?’ द्वादशी. ‘मग नऊला भरती पुरी होईल.’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि पाऊणकीतली पंचेचाळीस मिनिटे त्याच्या फार दूर नाहीत. मोबाइलचे उत्तर तिच्या उत्तराहून थोडेच निराळे निघाले. नातवंडांना चंद्राचे सारे गणित येते, पण पाऊणकी येत नाही. आम्हांस तरी कोठे सगळी येते!

जागाही तिनेच दाखविली. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला आमच्याकडे मर्यादवेल म्हणतात. नेहमीच्या भरतीचे पाणी जेथवर येत नाही तेथे ती रुजते, म्हणून हे नाव. तंबू तिच्या अलीकडे असावा, एवढेच तिचे म्हणणे. दिवे मात्र कन्येने लावू दिले नाहीत. त्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालण्यास वर येऊ लागतात आणि उजेडाला बुजतात.

दिवसाचा खारा वारा पडला होता आणि मतलई वारा अजून सुटावयाचा होता. नऊच्या सुमारास पाणी वेलीपासून वीसेक पावलांवर येऊन थांबले. चांदणे स्वच्छ होते. आई चटईवर बसून कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, ‘बावीस वर्षे मी याला रात्री नुसता ऐकला. सुनेने दिवेलागणीनंतर मागल्या बेड्याबाहेर जावयाचे नसे.’ माजघरात पडल्या पडल्या गाजेवरून तिला कळे की आज उधाण आहे की भांग, पाऊस जवळ आला की लांबला. ‘तुझे वडील गेले ती अष्टमी होती. भांग असल्याने गाज मुळी नव्हतीच. तीच शांतता मला सोसवेना.’ सदतीस वर्षांत हे तिने आम्हांस कधी सांगितले नव्हते. आमची पत्नी जवळ सरकून बसली. मुले गप्प होती.

रात्री पाचही जण एका ओळीने निजलो, पूर्वी माजघरात निजत असू तसे. पुण्याच्या घरी प्रत्येकाला खोली आहे आणि प्रत्येक खोलीला कडी आहे. तंबूत एकाने कूस बदलली की पाचही जणांना कळते. पहाटे आमच्याच श्वासांचे दव आतल्या कापडावर साचून ठिबकू लागले, आणि बाहेर खेकड्यांची खसखस चालली होती. आई जागीच होती.

सकाळी वाडीच्या बेड्यापाशी मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या. ‘काकू, चहाला या. मागल्या दाराने या, जवळ पडेल.’

‘येते हो. आधी हे कापड वाळू दे,’ आई म्हणाली आणि ओल्या तंबूपाशी, वाडीकडे तोंड करून बसली. माडांवरून उन्हे उतरली, कापड केव्हाच वाळले, मुलांनी त्याची घडीही केली. ती बसूनच होती. मग पदर खोचून उठली आणि बेड्याकडे चालू लागली. आम्ही मागून निघालो, तर तिने वळून न पाहता हातानेच थांबविले.