मागचा भात

वाचकहो, भाषांतराच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला कोणता शब्द केव्हा अडवील याचा नेम नसतो. गेल्या डिसेंबरात आमच्या अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणावयाचा होता आणि त्यातील ‘टेस्टिंग मेन्यू’ या दोन शब्दांपाशी माझी लेखणी थबकली. वस्तू काय ती कळत होती. या प्रकारच्या उपाहारगृहात पाहुण्याने काहीच मागवावयाचे नसते; आठ, दहा, कधी वीस पदार्थ मुख्य आचारी स्वतः ठरवितो, आणि ते घास-दोन घासांच्या मापाने, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन तास एकामागून एक समोर येत राहतात. पण याला मराठीत म्हणावे काय? ‘चवीचे ताट’ म्हणावे तर तेथे ताटच नसते. ‘रुचिक्रम’ म्हणावे तर वैद्यांनी लिहून दिल्यासारखे वाटते. शेजारच्या हिंदी विभागाकडे विचारणा केली; त्यांनी इंग्रजी शब्दच देवनागरीत बसवून हात झटकले होते.

तेव्हा ठरविले, जाऊन पाहावे. जानेवारीत आई सांगलीहून दिल्लीला यावयाची होती. तिलाच बरोबर न्यावे.

आईविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. वडील गेल्यावर तिने कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देण्यास आरंभ केला आणि त्या डब्यांवर मला बी. ए. केले. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. सर्वांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरे ते ती ओट्याशी उभ्याउभ्या खाई. आणखी एक गोष्ट. देवाला नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न चाखावयाचे नाही हा तिचा नेम असल्यामुळे एवढ्या वर्षांत तिने रांधताना एकदाही चव घेतलेली मी पाहिली नाही. मीठ तिला वासावरून कळते.

दक्षिण दिल्लीतील ते उपाहारगृह. नाव सांगून उपयोग नाही. शाकाहारी क्रम निराळा मिळतो अशी फोनवर खात्री करून घेतली. पैसे जागा राखतानाच भरावे लागले. आतमध्ये मंद दिवे, टेबलांमध्ये ऐसपैस अंतर, आणि आमच्या पुढ्यात एक लहानसे छापील पत्रक: नऊ पदार्थ. आईने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाली, “अगं, यात भात नाही.”

हे तिला चटकन दिसले यात नवल नाही. आपल्या पंगतीलाही क्रम होताच. पानाचे अग्र डाव्या हाताला, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मग पहिला भात वरण-तुपाचा, मधला मसालेभात, आणि शेवटी मागचा भात, ताकाचा. इंदूर-हैदराबादकडच्या आमच्या वाचकांच्या घरी यात थोडाफार फरक असेल, पण मागच्या भातावाचून जेवण पुरे झाले असे कोणीही मानीत नसे. फरक एवढाच की आपल्याकडे वाढप्याच्या हातात पातेले असे आणि तोंडात आग्रह.

युरोपात हा क्रम तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फ्रान्समधील बड्या मेजवान्यांत पुष्कळसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडीत. पुढे एकेक पदार्थ पाहुण्यापुढे आणण्याची रीत त्या शतकात रूढ झाली आणि फ्रेंचांनी तिला ‘रशियन पद्धत’ असे नाव दिले. १९७० च्या सुमारास तेथील नव्या पाकशैलीने बशी स्वयंपाकघरातच सजवून पाठविण्यास सुरुवात केली, आणि तेथे वाढपाचा चमचा आचाऱ्याकडे गेला तो गेलाच. स्पेनच्या किनाऱ्यावरील ‘एल बुली’ हे जगप्रसिद्ध उपाहारगृह २०११ साली बंद झाले, पण त्यापूर्वी तेथे एका संध्याकाळी तीसाहून अधिक चिमुकले पदार्थ देत. जपानात चहाच्या विधीबरोबर वाढले गेलेले ‘काइसेकी’ हे भोजन याच कुळातले, आणि पुष्कळ जुने. आपल्या देशात दिल्लीचे ‘इंडियन ॲक्सेंट’ २००९ साली आणि मुंबईचे ‘मास्क’ २०१६ साली सुरू झाले. त्यांच्यामुळे ही रीत येथील खाणाऱ्यांच्या चांगलीच परिचयाची झाली आहे.

असो. पहिला पदार्थ आला तो अंगठ्याएवढ्या नाचणीच्या पुरीत भरलेली कैरी. आणणारा मुलगा विशी-बाविशीचा, नम्र. त्याने दोन्ही हात मागे बांधून पदार्थाची माहिती पाठ म्हटल्यासारखी सांगितली. आईने ती पुरी तोंडात टाकली, बशी उचलली आणि उभी राहू लागली. उष्टे उचलण्याची सवय! मी तिचा हात धरून तिला बसविले. तिसऱ्या पदार्थापर्यंत तिला ते साधले. तरीही प्रत्येक वेळी बशी नेणाऱ्याकडे ती अपराधी मुद्रेने पाही. काटे-चमचे तिने हातही न लावता परत पाठविले, आणि प्रत्येक वेळी नवे आले.

गुच्छी आली. काश्मीर-हिमाचलच्या रानात आपोआप उगवणारी ही अळंबी. तिची लागवड सहजासहजी साधत नाही, म्हणून वाळलेल्या गुच्छीचा भाव किलोमागे हजारोंच्या घरात असतो. आईला ती “मऊ चामड्यासारखी” वाटली. मला आवडली. हुरडा आला, लिंबाच्या थेंबासह, आणि तो पाहून आई प्रथमच हसली.

पाचव्या बशीत पिठले होते. होय, पिठलेच: रुपयाएवढ्या ज्वारीच्या कुरकुरीत भाकरीवर एक चमचा, वर ठेच्याच्या तेलाचे तीन थेंब. आईने घास घेतला. क्षणभर डोळे मिटले. “मीठ अगदी बरोबर,” ती म्हणाली, आणि मग त्या मुलाकडे पाहून, “अजून थोडं मिळेल का?”

माझ्या आठवणीत आईने कधीही, कोणाकडेही, दुसऱ्यांदा काही मागितलेले नव्हते. मागण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता; तिला वाढले कोणी होते? पण मला तेव्हा हे सुचले नाही. मला एवढेच सुचले की अशा ठिकाणी पुन्हा मागावयाचे नसते, आणि शेजारच्या टेबलावरील मंडळी ऐकत असतील. मुलाला मराठी समजले नाही. त्याने अदबीने मला विचारले, “माताजी क्या कह रही हैं?”

मी म्हणाले, “कह रही हैं, बहुत अच्छा है.”

गेली नऊ वर्षे अनुवादावर माझे पोट चालते. दुसऱ्याच्या वाक्यातला स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर मी मुद्रिते परत पाठविते. आईला हिंदी बोलता येत नसले तरी ते समजते, हे मला ठाऊक होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, मांडीवरच्या रुमालाला बोटे पुसली आणि काही बोलली नाही. मुलगा प्रसन्न होऊन बशी घेऊन गेला.

पुढचे तीन पदार्थ मला नीट आठवत नाहीत. शेवटी ‘दौलत की चाट’ आली, थंडीच्या दिवसांत जुन्या दिल्लीत मिळणारा तो दुधाचा केशरी फेस. जिभेवर ठेवताच नाहीसा होणारा. निघताना आईने त्या मुलाला थांबवून आपल्या मोडक्या हिंदीत स्वतःच विचारले, “बेटा, तुम खाना खाया?” तो गोंधळला, मग हसला. पाहुणे येण्यापूर्वी, पाच वाजताच, सर्व नोकरवर्ग एकत्र जेवतो, आज राजमा-चावल होते, असे त्याने सांगितले. “भरपेट?” आईने विचारले. “जी, भरपेट.”

घरी पोचावयास अकरा वाजले. लुगडे बदलून आई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि सकाळच्या भातात ताक कालवू लागली. “मागचा भात राहिला होता,” ती म्हणाली. मला नको म्हणवले नाही. ती वाढीत होती, मी तिच्या हातातून पळी घेतली, तर म्हणाली, “राहू दे, तुला अंदाज नाही.” आम्ही दोघी ओट्याशी उभ्याच जेवलो.

त्या लेखात ‘टेस्टिंग मेन्यू’ हाच शब्द मी तसाच ठेवला. आईला विचारले होते. ती म्हणाली, “चव पाहणं म्हण. जेवण म्हणू नकोस.” संपादनात ते बसले नाही.

मेट्रोत तिने विचारले होते, किती झाले. मी म्हणाले, दोघींचे मिळून पंधराशे. तिने मनाशी हिशेब केला. डबे बंद केले त्या वर्षी ती महिन्याला पंधराशे घेई. “म्हणजे एका मुलाचा महिना,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

आमचे मासिक सांगलीला दर महिन्याला जाते, आणि आई ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. इतर वाचकांनी क्षमा करावी. पुढील ओळी एकाच वाचकासाठी आहेत. आई, ते पंधराशे नव्हते. कर व सेवाशुल्क धरून बारा हजार झाले. आठ मुलांचा महिना. आणि पिठले त्याने आणले असते की नाही मला ठाऊक नाही. मी त्याला विचारलेच नाही.