हरवलेलें चित्र, राहिलेला आवाज

काळाच्या उलाढाली आम्हांस नवीन नाहींत. रेवतीस घेऊन ब्रह्मलोकीं गेलेला ककुद्मी राजा क्षणभर गायन ऐकतो, आणि तेवढ्यांत सत्तावीस चतुर्युगें उलटून जातात, ही भागवतांतील कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली आहे. तथापि निळ्या पेटींत बसून काळांतून हिंडणाऱ्या एका मनुष्याच्या लीला दूरचित्रवाणीवर पाहण्यांत आमच्या संध्याकाळी जातील, असें कोणी म्हटलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें.

निमित्त झालें नातवाचें. पाय मोडून तो दीड महिना अंथरुणास खिळला होता. त्याच्या सोबतीस बसतां बसतां 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका आमच्या गळ्यांत पडली. बी.बी.सी.नें ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्मानें लखनौचे. नायकाची पेटी बाहेरून पोलिसांना दूरध्वनि करण्याचें खोकें, आंत मात्र विस्तीर्ण दालन! आणि त्याचे शत्रु 'डॅलेक' म्हणजे चाकें लावलेले जणूं बंबच. "अरे, हे राक्षस कीं न्हाणीघरांतलें सामान?" आम्हीं विचारलें. "आजोबा, थांबा तर खरं!" तो म्हणाला. थांबलों, आणि अडकलों.

१९६६ सालीं नायकाचें काम करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृति साथ देईनाशी झाली. तेव्हां कर्त्यांनीं युक्ति योजिली ती अशी, कीं हा डॉक्टर मनुष्यच नव्हे. देह थकला म्हणजे तो दुसरा धारण करतो. पॅट्रिक ट्रॉटन नवे डॉक्टर झाले. स्मरण तेंच, स्वभाव निराळा. गीतेंतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत जन्मभर शिकविलेल्या मास्तरास यांत परकें तें काय वाटावें? मालिका १९८९ मध्यें थांबली, २००५ मध्यें पुन्हां सुरू झाली. २०१८ सालीं तर जोडी व्हिटेकर ही स्त्री डॉक्टर होऊन अवतरली, तेव्हां आमच्या सूनबाईही स्वयंपाकघर सोडून येऊन बसल्या.

परंतु आमच्या मनास लागली ती गोष्ट वेगळीच. त्या काळीं चित्रफिती महाग, आणि जुने भाग पुन्हां कोणी पाहील ही कल्पनाही नाहीं. म्हणून ते पुसून फिती पुन्हां वापरल्या गेल्या. परदेशीं विकलेल्या कांहीं प्रती मागाहून सांपडल्या. नायजेरियांतून मिळालेले ९ भाग २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले. तरीही साठोत्तरीच्या दशकांतील नव्वदांहून अधिक भागांचें चित्र नाहींसें झालें आहे. आवाज मात्र त्यांतील प्रत्येक भागाचा शिल्लक आहे. कारण कित्येक हौशी प्रेक्षकांनीं घरच्या घरीं ध्वनिमुद्रणयंत्र लावून तो टिपून ठेविला होता. संस्थेनें पुसलें तें घरांनीं राखिलें.

नातवानें हें सांगितलें तेव्हां आम्ही गप्प झालों. आमच्या फडताळांत एक कॅसेट होती. १९९८ च्या श्रावणांत थोरल्या मुलानें आमच्या कुटुंबाकडून शुक्रवारची कहाणी वदवून घेतली होती, तीच ही. सात वर्षांपूर्वीं ती आम्हांस सोडून गेली; तेव्हांपासून कॅसेटला हात लावण्याचें धैर्य आम्हांस झालें नव्हतें. फीत खराब झाली असेल, अशी सबब आम्ही स्वतःस सांगत होतों.

"आजीचा आवाज मला आठवत नाही हो, आजोबा," नातू हळूच म्हणाला.

शेजाऱ्यांकडून जुनें यंत्र आणविलें. प्रथम नुसती खरखर. मग कहाणी सुरू झाली, आणि मध्येंच ती थांबून म्हणाली, "अहो, दूध उतूं जातंय, बघा जरा!" आम्ही सवयीनें उठून उभे राहिलों. कोणीही हंसलें नाहीं. नातवानें मागें नेऊन तेवढें वाक्य पुन्हां लाविलें.

असो. वाचकांनींही आपापलीं फडताळें एकदां उघडून पाहावीं. नातवाचा पाय आतां बरा आहे. त्याच्या डॉक्टरांची गरज उरली नाहीं. दुसऱ्या डॉक्टरांकडे मात्र आम्ही उभयतां दर शनिवारीं नियमानें जातों.