ऐंशी घरे

वाड्यास रंग दिला की चार माणसे थांबून पाहतात. पण तुळईस लागलेली वाळवी वेळीच हेरणाऱ्या सुताराचे नाव घरच्यांसही ठाऊक नसते. शास्त्रीय माहितीची जी जुनी कोठारे आहेत, त्यांची गोष्ट याहून निराळी नाही.

प्रोटीन डेटा बँक हे त्यांपैकी एक. प्रथिनाच्या रेणूत कोणता अणू नेमका कोठे बसला आहे, याच्या नोंदी ठेवण्यासाठी ते १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाले. त्या वेळी त्यात अवघ्या सात रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या पलीकडे गेली आहे. त्या काळी संगणकास माहिती पुरवावयाची ती भोके पाडलेल्या कार्डांवरून, आणि एका कार्डावर अक्षरांस घरे ऐंशी. म्हणून एका अणूची नोंद ऐंशी घरांच्या एका ओळीत बसविली: अनुक्रमांकास पाच घरे, साखळीच्या नावास एक, स्थान सांगणाऱ्या तीन आकड्यांस प्रत्येकी आठ. कार्डे केव्हाच रद्दीत गेली, ओळ राहिली.

ती का राहिली, हे आम्हांस एका विद्यार्थ्यामुळे उमगले. आम्ही इंग्रजी शिकवितो; प्रथिनांशी आमचा संबंध वरणभातापुरता. पण हा मुलगा आमच्याकडे वरचेवर येणारा. एके दिवशी तो मोठ्या उत्साहाने सांगू लागला, "सर, एवढ्या मोठ्या कोठारात चूक सापडली! दोन आकडे एकमेकांस चिकटले आहेत." दोन दिवसांनी तोच ओशाळून आला. उणे शंभराच्या पलीकडचा आकडा आपली आठही घरे भरून टाकतो. मग मध्ये मोकळी जागा उरणार कोठून? ओळ घरे मोजून वाचावयाची, आणि त्याच्या प्रोग्रामने ती मोकळ्या जागा पाहून वाचली होती. घरे मोजणारे असे असंख्य प्रोग्राम जगभर चालू आहेत. कित्येकांचे कर्ते निवृत्तही झाले असतील. ओळ बदलली की ते सारे एका रात्रीत आंधळे व्हावयाचे.

पुढे रायबोसोमसारख्या अवाढव्य रचना आल्या. पाच घरांत ९९,९९९ च्या पुढचा आकडा मावेना, तेव्हा एकाच रचनेचे तुकडे करून ते निरनिराळ्या नोंदींत ठेवावे लागले. २०१४ साली घरांचे बंधन नसलेल्या नव्या पद्धतीत ते तुकडे सांधले गेले. स्फटिकांवरून काढलेल्या रचना २०१९ च्या जुलैपासून त्याच पद्धतीत मागविण्यात येऊ लागल्या. तरीही ज्या रचना जुन्या ओळींत मावतात, त्या तशाही मिळत राहिल्या.

या सावकाशपणास कोणी आळस म्हणतील. आम्हांस तो सभ्यपणा वाटतो. मात्र त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. दोन्ही पद्धती सांभाळणाऱ्यांच्या वाट्यास शोधनिबंधाचे श्रेय क्वचितच येते, आणि अनुदान देणारे विचारतात ते एवढेच, की नवे काय केले? या प्रश्नाची आम्हांस, खरे सांगावयाचे तर, चीड आहे.

आता रचनेची चार अक्षरी खूणही अपुरी पडू लागली आहे. पुढच्या लांब खुणा जुन्या ओळीत बसणार नाहीत. ज्यांचे प्रोग्राम अजून घरे मोजतात त्यांनी आतापासूनच तयारीस लागावे, असे कोठाराने कळविले आहे.