बाकाखालचे पुस्तक

मुख्याध्यापकाच्या खोलीत एक कपाट असते. मुलांकडून जप्त केलेले भोवरे, गोट्या, पत्त्यांचे जोड अशा नाना वस्तू त्यात वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांच्या संगतीत कधी कधी एखादे पुस्तकही येऊन पडते. माझ्या कपाटात असे एक पुस्तक आले होते. ते कसे आले आणि कसे गेले, हे सांगण्यापूर्वी ते ज्यांनी लिहिले त्यांची ओळख करून दिली पाहिजे.

हरी नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला. त्याच वर्षी आमच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. हा केवळ योगायोग. परंतु कल्याणकराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे १८९० ते १८९३ या काळात हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९३ सालीच ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. तिकडे पुण्यात कादंबरीकार लिहीत होता आणि इकडे त्याच्यासारख्यांची पुस्तके ठेवण्यासाठी जणू फडताळे उभी राहत होती!

हरिभाऊ मोठे लेखक झाले, त्याआधी ते मोठे वाचक होते. स्कॉट, डिकन्स, थॅकरे या इंग्रज कादंबरीकारांचे त्यांनी मनःपूर्वक वाचन केले. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ ही रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या कादंबरीच्या आधाराने लिहिलेली होती. पण ते तेथेच थांबले नाहीत. त्यांच्यापूर्वीच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या मराठी कादंबऱ्यांत अद्भुत प्रसंगांची रेलचेल होती. हरिभाऊंनी तो मार्ग सोडून पुण्यामुंबईच्या साध्या घरांतील माजघरात डोकावून पाहिले. तेथे त्यांना यमुना भेटली, आणि बालविवाह व वैधव्य यांत होरपळलेल्या त्या मुलीच्या तोंडूनच त्यांनी तिची कथा वदवली. परक्यांची पुस्तके वाचावीत ती आपले घर अधिक स्पष्ट दिसावे म्हणून, हे त्यांच्या वाचनाने मला शिकवले.

वाचनात ते कोणाची भीडही बाळगीत नसत. गोपाळ गणेश आगरकर हे शाळेत त्यांचे शिक्षक होते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, तेव्हा विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी त्यावर सविस्तर टीकालेख लिहिला. गुरूविषयी आदर असावा; पण त्या आदरापोटी आपली बुद्धी मिटून घेऊ नये, असेच त्यांना वाटत असले पाहिजे.

या बुद्धिमान विद्यार्थ्याला एक विषय मात्र कधीच वश झाला नाही. तो विषय म्हणजे गणित! त्यापायी त्यांना पदवीही मिळू शकली नाही. पुढे १९१५ साली मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर व्याख्याने देण्याचा मान मात्र त्यांच्याकडे आला.

आता माझ्या कपाटाकडे वळतो. मुख्याध्यापकपदाची सूत्रे माझ्याकडे नुकतीच आली होती. एके दिवशी बीजगणिताच्या तासाला नववीतील एक मुलगा बाकाखाली पुस्तक धरून वाचताना सापडला. शिक्षकांनी त्याला माझ्यापुढे उभे केले आणि पुस्तक मेजावर ठेवले. त्यावर वाचनालयाचा शिक्का होता, आणि नाव होते ‘पण लक्षात कोण घेतो’. मी मराठीचा पदवीधर. या कादंबरीवर मी कित्येकदा भाषणे दिली होती. तरीही मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, “तासाला अवांतर वाचन चालणार नाही. पालकांना घेऊन ये.” मुलगा मान खाली घालून उभा राहिला. पुस्तक कपाटात गेले. किल्ली फिरली. त्या मुलाने ते पुस्तक का वाचायला घेतले असेल, हा प्रश्न माझ्या मनात उमटलाही नाही.

पंधरवड्याने त्याची आई आली. डोंबिवलीतील एका चाळीत ती साड्यांना पिको-फॉल करून देई. ती शांतपणे म्हणाली, “सर, त्यानं तासाला वाचायला नको होतं. त्याला काय ती शिक्षा करा. पण पुस्तक माझ्या नावावर आहे, आणि रोज दंड चढतोय.”

“तुमच्या नावावर?” मी विचारले.

“हो. माझी शाळा चौथीतच सुटली. मला भरभर वाचता येत नाही. रात्री मी मशीनवर बसते आणि तो वाचून दाखवतो. भाषा जुनी आहे ना, तो अडखळतो. मग मला गोष्ट नीट लागत नाही. म्हणून रात्रीची पानं तो शाळेत आधी वाचून ठेवत होता. मला हे परवा कळलं.” क्षणभर थांबून तिने विचारले, “सर, यमुनेचं पुढं काय होतं हो?”

मला शेवट ठाऊक होता. तो सुखाचा नाही. पण तो सांगण्याचा अधिकार मला उरला नव्हता. मी उठून कपाट उघडले. पंधरा दिवस ते पुस्तक गोट्या आणि भोवरे यांच्यामध्ये मुखपृष्ठ वर करून पडले होते, आणि त्यावरची अक्षरे मलाच प्रश्न विचारीत होती. मी पुस्तक त्या माउलीच्या हाती दिले. दंडाची रक्कमही देऊ केली. ती तिने घेतली नाही. “चूक त्याची आहे, पैसे मी भरीन,” एवढेच म्हणून ती निघून गेली.

ती गेल्यावर मला पुष्कळ वेळ काही काम सुचले नाही. एक लेखक एका मुक्या मुलीचे दुःख लोकांच्या लक्षात यावे म्हणून आयुष्य वेचतो. शंभराहून अधिक वर्षांनी एक मुलगा ते दुःख आपल्या आईपर्यंत पोचवण्यासाठी धडपडतो. आणि त्या पुस्तकाचा अर्थ मुलांना शिकवणारा मी त्याच्यावर कुलूप लावतो! मी तो ग्रंथ वाचला होता, की नुसता शिकवला होता?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वर्गात जाऊन क्षमा मागितली. आठवड्यातून एक तास ग्रंथवाचनासाठी राखून ठेवला. त्या तासाला कोणी काय वाचावे, हे कोणी सांगायचे नाही, असा नियम केला. गणिताचा तास मात्र गणितालाच राहिला. हरिभाऊंचे उदाहरण देऊन कोणी वह्या मिटू नयेत! त्या मुलाला त्या वर्षी बीजगणितात पस्तीस गुण पडले. एक कमी नाही, एक अधिक नाही.

आज निवृत्तीनंतर मी वाचनालयात जातो. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक उमटलेले असतात. पूर्वी मी त्यांकडे पाहतही नसे. आता प्रत्येक तारखेपाशी क्षणभर थांबतो. त्या तारखेमागे कोणी तरी दिव्याखाली मोठ्याने वाचत असेल, आणि जवळच कोणाचे तरी शिलाईचे यंत्र ऐकण्यासाठी थांबले असेल, असे मला वाटते.